बीपी, घोरणे आणि झोपेत अडकणारा श्वास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तीन-तीन गोळ्या घेऊनही बीपी खाली येत नसेल आणि घरचे घोरण्याची तक्रार करत असतील, तर चौथी गोळी सुरू करण्याआधी झोपेची तपासणी करून घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्याविषयी गोव्यातल्या रुग्णांकडून नेहमी येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे खाली दिली आहेत.

घोरणं तर आमच्या घरात सगळ्यांचंच. त्याचा बीपीशी काय संबंध?

घोरणे मध्येच थांबते का, हे आधी बघा. झोप लागली की घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते आणि ज्यांचा घसा मुळात अरुंद आहे त्यांची श्वासाची वाट पूर्ण किंवा अर्धवट मिटते. छाती आणि पोट श्वास ओढायची धडपड करतात, पण हवा आत जात नाही. श्वास असा निदान १० सेकंद थांबला तर त्याला ॲप्निया म्हणतात, आणि झोपेत हे वारंवार होण्याच्या आजाराला स्लीप ॲप्निया. पुष्कळांचा २०-३० सेकंद थांबतो, काहींचा मिनिटभरसुद्धा. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, ॲड्रेनलिनसारखी रसायने उसळतात, रक्तवाहिन्या आवळतात. माणूस दचकून घुर्रकन श्वास घेतो आणि त्याच क्षणी बीपी झटक्यात चढते. सकाळी त्याला यातले काही आठवत नाही. शेजारी झोपणाऱ्याला मात्र सगळे पाठ असते.

रात्रभर शंभर-दोनशे वेळा असे झाले की शरीराची ताणाची यंत्रणा दिवसाही शांत होत नाही. अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक वाढते, मीठ-पाणी अंगात साठते आणि रक्तवाहिन्यांचे अस्तर खराब होत जाते. बंद घशावर जोर लावून श्वास ओढताना छातीत उलटा दाब तयार होतो आणि हृदयाचे वरचे पातळ कप्पे ताणले जातात. एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे ठोक्यांची अनियमितता, या रुग्णांत जास्त दिसते त्याचे हे एक मोठे कारण.

या ताणामुळे आणखी एक गोष्ट होते. ताणलेले कप्पे लघवी वाढवणारे संप्रेरक सोडतात, त्यामुळे रात्री दोन-तीनदा उठावे लागते. साठीतले पुरुष त्याचे खापर प्रोस्टेटवर फोडून मोकळे होतात.

डॉक्टरांकडे माझं बीपी १३०/८० येतं. मग काळजी कशाला?

कारण ते दिवसाचे बीपी आहे. निरोगी माणसाचे बीपी झोपेत साधारण १० ते २० टक्क्यांनी उतरते. स्लीप ॲप्नियात ते उतरत नाही, काहींचे तर दिवसापेक्षा रात्री जास्त असते. पक्षाघात आणि हृदयविकाराच्या धोक्याचा अंदाज दिवसाच्या आकड्यापेक्षा रात्रीचा आकडा अधिक नेमका देतो. तो बघायला २४ तासांचे बीपी मॉनिटर लावतात : दंडावर पट्टा, कमरेला छोटे यंत्र, दर १५ ते ३० मिनिटांनी एक नोंद. रात्रीची सरासरी १२०/७० किंवा त्याहून जास्त आली तर ते रात्रीचे उच्च बीपी. हे मॉनिटर मिळत नसेल तर पहाटे उठल्या-उठल्या लघवीला जाऊन येऊन, गोळी आणि चहाच्या आधी बीपी मोजा. सकाळचे सतत चढे आणि संध्याकाळचे ठीक, असे असेल तर रात्रीकडे बोट जाते.

घरी मोजताना आकडे रोज वेगळे येतात. मशीन बिघडलंय का?

बहुतेक वेळा पट्टा चुकीचा असतो. जाड दंडाला नेहमीचा मध्यम पट्टा लावला तर आकडा खोटा वाढतो, आणि या आजारात दंड जाडच असण्याची शक्यता अधिक. टेपने दंडाचा मधला घेर मोजा, पट्ट्यावर छापलेल्या मापाशी ताडून बघा, गरज पडली तर मोठा पट्टा वेगळा विकत घ्या. मनगटावरचे यंत्र टाळा. मोजण्याआधी पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीला लावून, न बोलता बसा. हात टेबलावर, हृदयाच्या उंचीला. अर्धा तास आधी चहा-कॉफी किंवा तंबाखू नको. एका मिनिटाच्या अंतराने दोन नोंदी, सकाळी आणि संध्याकाळी, सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी काढा. घरी १३५/८५ च्या वर सरासरी म्हणजे बीपी ताब्यात नाही.

तपासणी कुणी करून घ्यायलाच हवी?

लघवी वाढवणाऱ्या गोळीसह तीन औषधे पूर्ण मात्रेत घेऊनही ज्यांचे बीपी उतरत नाही, त्यांनी सर्वांत आधी. या गटात बहुसंख्य लोकांना कमी-अधिक स्लीप ॲप्निया सापडतो. त्यानंतर एट्रियल फिब्रिलेशन असलेले, विशेषतः शॉक देऊन किंवा ॲब्लेशन (हृदयातली ठोके बिघडवणारी जागा निकामी करणे) करूनही ज्यांची लय पुन्हा बिघडली ते. उपचार न केलेला ॲप्निया असेल तर ती परत बिघडण्याची शक्यता वाढते. हार्ट फेल्युअर (हृदयाचे पंपिंग कमी पडणे) असलेले, पक्षाघात होऊन गेलेले, टाइप २ मधुमेह आणि लठ्ठपणा एकत्र असलेले, हेही याच रांगेत.

घरच्या घरी अंदाज घेता येतो का?

येतो. स्टॉप-बँग नावाची आठ प्रश्नांची यादी जगभर वापरतात. बंद दाराबाहेर ऐकू येईल असे घोरणे, दिवसा थकवा किंवा पेंग, श्वास थांबल्याचे कुणी पाहिले आहे का, बीपी आहे का, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३५ च्या वर, वय ५० च्या वर, मानेचा घेर ४० सेंटीमीटरच्या वर, आणि पुरुष. प्रत्येक ‘हो’ला एक गुण. तीन-चार गुण म्हणजे मध्यम धोका, पाच किंवा जास्त म्हणजे दाट शक्यता. बीपीचा रुग्ण एका गुणाने सुरुवात करतो आणि पन्नाशी ओलांडलेला पुरुष तिथेच तीनवर पोचतो.

आपल्या लोकांसाठी यातला बीएमआयचा निकष सैल आहे. भारतीयांत लठ्ठपणा २५ पासूनच धरतात. ३५ ची वाट बघत बसलात तर बरेच जण सुटून जातील.

गुण मोजण्यापेक्षा बायकोने किंवा नवऱ्याने मोबाइलवर घेतलेला दोन मिनिटांचा व्हिडिओ आम्हाला जास्त उपयोगी वाटतो. उताणे झोपलेले असताना, पहाटे तीन-चारच्या सुमारास, छाती-पोट दिसेल असा घ्या. छाती हलते आहे पण आवाज बंद, मग एकदम घुर्र. एवढे दिसले तरी डॉक्टरला पुढचे कळते.

दुपारी जेवून पडायची सवय आहे. ती पेंग या आजाराची का?

गोव्यात हा प्रश्न हमखास येतो. दुपारी हुमण-शीत जेवून आडवे पडल्यावर डोळा लागणे हे दुखणे नव्हे. समोरच्याशी बोलता बोलता, किंवा सिग्नलला गाडी थांबलेली असताना डोळा लागत असेल तर ते लक्षण. उलट काहींना कितीही तीव्र ॲप्निया असला तरी दिवसा अजिबात पेंग येत नाही, आणि बीपी-हृदयाच्या रुग्णांत असे खूप असतात. झोप येत नाही म्हणून आजार नाही, असे समजू नका.

मी सडपातळ आहे. मला कसा होईल?

खालचा जबडा मागे असेल, टॉन्सिल मोठे असतील, टाळू खाली लोंबत असेल तर होतो.

बायकांनाही होतो का?

होतो, आणि सहसा उशिरा कळतो. पाळी गेल्यानंतर प्रमाण बरेच वाढते. बायका घोरण्याबद्दल स्वतःहून बोलत नाहीत. झोप लागत नाही, सकाळी डोके जड होते, दिवसभर गळून गेल्यासारखे वाटते, असे सांगतात आणि थायरॉइडची तपासणी, लोहाच्या गोळ्या किंवा झोपेची गोळी घेऊन घरी जातात. झोपेच्या काही गोळ्यांनी घसा आणखी सैल पडतो.

झोपेची टेस्ट म्हणजे नक्की काय करतात?

दोन प्रकार आहेत. लॅबमधल्या टेस्टला पॉलिसोम्नोग्राफी म्हणतात : डोके, डोळे आणि हनुवटीवर इलेक्ट्रोड, नाकाशी हवेची नळी, छाती-पोटाला पट्टे, बोटाला ऑक्सिमीटर, ईसीजी. घरच्या टेस्टला नळी, पट्टा आणि ऑक्सिमीटर एवढेच असते. घोरणारा, बीपी असलेला पण एरवी ठणठणीत माणूस असेल तर घरची टेस्ट पुरते. हार्ट फेल्युअर, दमा-सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट आजार) किंवा पक्षाघात झालेल्याने लॅबमध्येच करावी. घरची टेस्ट झोप किती लागली ते मोजत नाही, त्यामुळे रात्रभर तळमळत पडलेल्या माणसाचा आकडा कमी दाखवते. लक्षणे ठळक आणि घरची टेस्ट नॉर्मल, तर लॅबची करा.

त्या दिवशी डोक्याला खोबरेल लावू नका. तेलकट केसांवर इलेक्ट्रोड धरत नाहीत आणि मध्यरात्री सुटले की रात्र वाया जाते. एका बोटाचे नेलपॉलिश काढा. दुपारची झोप टाळा, दुपारनंतर चहा-कॉफी नको. बीपीच्या गोळ्या नेहमीप्रमाणे घ्या. एरवी रात्री पेग घेत असाल तर तसे सांगा, लपवू नका.

रिपोर्टमध्ये काय बघायचं?

एएचआय हा आकडा. एका तासात श्वास किती वेळा थांबला किंवा उथळ झाला, ते तो सांगतो. ५ च्या खाली नॉर्मल, ५ ते १४ सौम्य, १५ ते २९ मध्यम, ३० किंवा वर तीव्र. एएचआय ३२ आणि झोप सहा तास, म्हणजे एका रात्रीत १९२ वेळा. त्याच्या शेजारी सर्वांत खाली गेलेला ऑक्सिजन आणि ९० टक्क्यांच्या खाली घालवलेला वेळही बघा. हृदयाच्या दृष्टीने हे दोन आकडे एएचआयइतकेच महत्त्वाचे आहेत आणि रुग्णाला ते बहुधा कुणी समजावून सांगत नाही.

स्मार्टवॉच ऑक्सिजन ९६ दाखवतं. मग टेस्ट नको ना?

घड्याळ अधूनमधून मोजते. श्वास २० सेकंद थांबून सुटला तर मधली घसरण निसटते. घड्याळाने धोका दाखवला तर टेस्ट करा. दाखवला नाही म्हणून निश्चिंत राहू नका.

सीपॅप लावल्यावर बीपीच्या गोळ्या बंद होतील का?

बहुतेकांच्या नाही. सीपॅप हे हवेचा सौम्य दाब देऊन घसा उघडा ठेवणारे यंत्र. ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी ते १९८१ मध्ये जगासमोर आणले. त्याने बीपी सरासरी २-३ अंकांनी उतरते. ऐकायला कमी वाटते. पण तीन औषधांना न जुमानणाऱ्या बीपीत आणि यंत्र रात्री चार तासांहून जास्त लावणाऱ्यांत उतार जास्त मिळतो, रात्रीचे बीपीही पुन्हा उतरू लागते. काहींना महिन्या-दोन महिन्यांत उठताना चक्कर येते, वरचा आकडा ११० च्या खाली दिसतो. तेव्हा नोंदी घेऊन डॉक्टरकडे जा, ते मात्रा कमी करतील. आपल्या मनाने गोळी सोडू नका.

मग हार्ट अटॅक टळतो का?

इथे प्रामाणिक उत्तर द्यायला हवे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सेव्ह’ या चाचणीत आधीच हृदयविकार किंवा पक्षाघात झालेले २७०० हून अधिक रुग्ण होते. सीपॅप दिलेल्या गटात झटके कमी झाले नाहीत. घोरणे, दिवसाची पेंग आणि मनःस्थिती मात्र सुधारली. ते रुग्ण यंत्र सरासरी ३.३ तासच लावत होते, आणि पहाटेच्या ज्या झोपेत ॲप्निया सर्वांत वाईट असतो त्या वेळी मास्क उशाशी पडलेला असायचा. जास्त तास लावला असता तर काय झाले असते, याचे ठाम उत्तर त्या चाचणीतून मिळत नाही. म्हणून यंत्र आहे म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी, शुगर, तंबाखू यांकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही.

मास्क सहनच होत नाही. दोन तासांत काढून टाकतो.

बहुसंख्य लोक याच टप्प्यावर हार मानतात, आणि कारण बहुधा दुरुस्त होण्यासारखे असते.

आधी दिवसा सवय करा. टीव्ही बघताना यंत्र चालू करून मास्क अर्धा तास लावून बसा, चार-पाच दिवस. रात्री रॅम्प चालू ठेवा, म्हणजे दाब ४ पासून हळूहळू चढेल. हवा डोळ्यांकडे सुटत असेल तर पट्टे आवळायची घाई करू नका. जास्त आवळल्याने गादी दुमडते आणि गळती वाढते, वर नाकाच्या दांड्यावर जखम होते. आडवे पडून, दाब चालू असताना, पट्टे सैल करून पुन्हा बसवा. चेहरा आधी साबणाने धुवा, तेल-क्रीम लावू नका. दाट मिशी-दाढी असेल तर नाकपुडीत बसणारा पिलो मास्क बघा. सकाळी तोंडाला कोरड पडते म्हणजे तोंड उघडे राहते आहे. हनुवटीचा पट्टा किंवा नाक-तोंड झाकणारा मास्क लागेल. नाक चोंदलेले असेल तर आधी ईएनटीकडे जा, चोंदलेल्या नाकावर कुठलाच मास्क टिकत नाही.

स्क्रीनवर रोज दोन गोष्टी बघा : किती तास लावला आणि उरलेला एएचआय किती. तो ५ च्या खाली हवा. यंत्र लावूनही १५ येत असेल तर दाब किंवा मास्क चुकला आहे, तुमची सहनशक्ती नव्हे.

पावसाळ्यात नळीत पाणी साचतं आणि वास येतो. काय करायचं?

जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवाच इतकी दमट असते की ह्युमिडिफायर सर्वांत खालच्या आकड्यावर ठेवला किंवा बंद केला तरी चालते. एसी लावून झोपलात तर गरम ओली हवा थंड नळीत पाणी होऊन तोंडावर ठिबकते. नळीवर कापडी खोळ घाला, किंवा नळी पांघरुणाखालून घ्या, आणि यंत्र खाटेपेक्षा खाली ठेवा.

टाकीत डिस्टिल्ड पाणी घाला. विहिरीचे किंवा नळाचे पाणी पांढरा थर धरते. सकाळी उरलेले पाणी ओतून टाका, टाकी उघडी वाळवा, कपाटात बंद करू नका. आठवड्यातून एकदा टाकी आणि नळी सौम्य साबणाच्या कोमट पाण्याने धुवा. पांढरा थर धरला तर एक भाग पांढरे व्हिनेगर आणि नऊ भाग पाणी यात टाकी थोडा वेळ बुडवून धुवा. घरातले माडाचे व्हिनेगर यासाठी नको, त्याचा वास आणि साका मागे राहतो. मागचा फिल्टर एरवी महिन्याने बघितला तरी चालतो. पावसात पंधरा दिवसांनी बघा, काळे ठिपके दिसले की बदला.

वीज जाते त्याचे काय? ह्युमिडिफायर आणि गरम नळी बंद केली की यंत्राला फार कमी वीज लागते, आणि बॅटरी ठीक असेल तर घरगुती इन्व्हर्टरवर रात्र निघते. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्ह असावा. मध्येच वीज गेली तर गुदमरायला होत नाही, मास्कला हवा बाहेर जायची भोके असतात. पण यंत्र बंद असताना मास्क तोंडावर ठेवू नका.

कोविडच्या वेळचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर घरी आहे. तोच रात्री लावला तर?

नको. घसा बंद असताना नुसता ऑक्सिजन सोडून उपयोग होत नाही. २०१४ च्या एका चाचणीत हृदयविकाराचा धोका असलेल्यांना एका गटात सीपॅप, दुसऱ्यात रात्री ऑक्सिजन दिला. बीपी सीपॅपने उतरले, ऑक्सिजनने उतरले नाही.

ओळखीच्यांचं जुनं सीपॅप मिळतंय. घेऊ का?

मॉडेल तपासल्याशिवाय घेऊ नका. फिलिप्सने जून २०२१ मध्ये आपली बरीच यंत्रे परत मागवली, कारण आतला आवाज शोषणारा फोम झिजून त्याचे कण हवेत मिसळण्याचा धोका होता. यंत्र ठीक निघाले तरी मास्क, नळी, फिल्टर नवे घ्या आणि दाब तुमच्या रिपोर्टप्रमाणे बसवून घ्या.

दोन पेग फेणी घेतली की छान झोप लागते. चालेल?

झोप लवकर लागते, पण घसाही तितकाच सैल पडतो. श्वास जास्त वेळ अडकतो, ऑक्सिजन जास्त खाली जातो आणि पहाटे बीपी चढते. मार्च-एप्रिलमधला उराक हलका म्हणून तांब्याभर पिणारे असतात, हिशेब शेवटी तोच. सोडता येत नसेल तर निदान झोपण्याआधी चार तास नको. आणि घेतलीच तर त्या रात्री मास्क चुकवू नका. नेमके उलटेच होते, घेतलेल्या रात्री मास्क राहून जातो.

जेवणात काय बदलावं?

मीठ. दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, सगळे धरून. गोव्यात ते ताटातल्या पांढऱ्या मिठापेक्षा सुके बांगडे, खारातली तोरे, पारा, चोरीस आणि पावातून जास्त जाते. ताजी मासळी खुशाल खा. जास्त मिठाने अंगात साठलेले पाणी रात्री आडवे झाल्यावर पायांतून मानेकडे सरकते आणि घसा आणखी अरुंद होतो, म्हणून संध्याकाळी पाय सुजणाऱ्यांनी जास्तच जपावे.

वजनाचा परिणाम सरळ आहे : १० टक्के कमी झाले तर एएचआय साधारण पाव हिश्शाने उतरतो. टिर्झेपटाइड या वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये लठ्ठ रुग्णांच्या मध्यम-तीव्र ॲप्नियासाठी मान्यता मिळाली. ते डॉक्टरच्या देखरेखीखालीच घ्यायचे.

कुठली औषधं जपून घ्यावीत?

अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळ्या आणि ट्रामाडोलसारखी वेदनाशामके श्वास मंदावतात. सर्दीच्या गोळ्यांतले फिनाइलएफ्रिन आणि फार्मसीतून सहज आणलेले डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन बीपी वाढवतात. बीपीच्या औषधांपैकी स्पायरोनोलॅक्टोन हट्टी बीपी आणि ॲप्निया एकत्र असताना बऱ्याचदा चांगले लागू पडते. ते घेताना पोटॅशियम तपासायला विसरू नका.

मशीनशिवाय पर्याय?

उताणे झोपल्यावरच श्वास अडकत असेल तर कुशीवर झोपणे. सौम्य-मध्यम आजारात दंतवैद्याने माप घेऊन बनवलेली, खालचा जबडा पुढे धरणारी पट्टी. ऑनलाइन मिळणारी, गरम पाण्यात मऊ करून चावायची पट्टी नको.

मला हार्ट फेल्युअर आहे. वेगळं काही?

हो. तुमचा ॲप्निया मध्यवर्ती प्रकारचा, म्हणजे मेंदूकडून श्वासाचा आदेशच न येणारा असू शकतो. २०१५ च्या ‘सर्व्ह-एचएफ’ चाचणीत हृदयाचे पंपिंग ४५ टक्के किंवा कमी असलेल्या अशा रुग्णांना एएसव्ही नावाचे, श्वासागणिक दाब बदलणारे यंत्र लावल्यावर मृत्यू वाढले. म्हणून इको रिपोर्ट दाखवल्याशिवाय दुकानदाराच्या सल्ल्याने यंत्र निवडू नका.

मी टॅक्सी चालवतो. लायसन्स जाईल या भीतीनं टेस्ट केली नाही.

मोपा ते काणकोण रात्रीची फेरी मारताना एक डुलकी पुरे. पेंग येत असेल तर उपचार लागू पडेपर्यंत रात्रीचे भाडे घेऊ नका. खिडकी उघडून, गाणी लावून पेंग जात नाही. गाडी बाजूला घेऊन वीस मिनिटे झोपा.

गोव्यात सुरुवात कुठून करायची?

जवळच्या आरोग्य केंद्रातून. बीपीच्या नोंदी आणि मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवा, चिठ्ठी घ्या. पुढे म्हापशाचे किंवा मडगावचे जिल्हा इस्पितळ, नाहीतर बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय (गोमेकॉ). तिथे छातीविकार किंवा ईएनटी ओपीडीत झोपेच्या तपासणीची चौकशी करा. दीन दयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड असले तरी घरी न्यायच्या यंत्राचा खर्च त्यात बसेल असे गृहीत धरू नका, आधी विचारा.

रात्री छातीत दुखून जाग आली तर?

१०८. गॅस म्हणून सोडा पिऊन सकाळची वाट बघू नका, स्वतः गाडी चालवत जाऊ नका.

हर्नियाचं ऑपरेशन ठरलंय. याबद्दल सांगायला हवं का?

भूल देणाऱ्या डॉक्टरांना पहिल्या भेटीतच सांगा, टेस्ट झाली नसेल पण शंका असेल तरी. भुलीच्या आणि वेदनाशामक औषधांनी घसा आणखी सैल पडतो, आणि खरा धोका ऑपरेशननंतरच्या पहिल्या एक-दोन रात्रींचा. स्वतःचे यंत्र, मास्क आणि एक्स्टेन्शन बोर्ड पिशवीत घालून न्या. वॉर्डमध्ये खाटेजवळ प्लग मोकळा सापडेलच असे नाही.